वाडीचा इतिहास नंबराने शोधावा

एसटीच्या थांब्यावर वाडीचं नाव असतं. शाळेच्या भिंतीवर असतं, मंदिरातल्या देणगीदारांच्या फरशीवर असतं, लग्नपत्रिकेत 'मु.' या अक्षरापुढे तर ठसठशीत असतं. पण सातबारा काढला की गावाच्या रकान्यात दुसऱ्याच गावाचं नाव येतं आणि वाडीचा मागमूसही नसतो. म्हणूनच कुणी हौशीने वाडीची स्मरणिका काढायला घेतो तेव्हा पहिली दोन पानं शिवकाळाने भरतात, पुढची दोन जीर्णोद्धाराने, आणि मधली तीनशे वर्षं कोरी राहतात.

ती वर्षं हरवलेली नसतात. ती मूळ गावाच्या दप्तरात, मूळ गावाच्या नावाखाली पडून असतात. वाडीचं नाव घेऊन दप्तर चाळलं तर हाती काही लागत नाही. वाडी ज्या जमिनीवर वसली त्या जमिनीचा नंबर घेऊन गेलं तर बरंच काही लागतं. कारण दप्तर लिहिणाऱ्याला माणसांच्या वस्तीशी देणंघेणं नव्हतं, त्याला शेतसाऱ्याशी होतं, आणि शेतसारा जमिनीच्या नंबरावर बसतो.

गाव कशाला म्हणायचं, हेच मुळात एक नाही

महाराष्ट्रात 'गाव' या शब्दाला सरकारदरबारी किमान तीन अर्थ आहेत. पहिलं महसुली गाव. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४ खाली राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून कुठला भूभाग म्हणजे एक गाव ते ठरवतं. त्याला शीव असते, नकाशा असतो, आकारबंद म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता असतो. त्या शिवेत एकही घर नसलं तरी ते गावच राहतं. बेचिराख गावं, विदर्भातली रिठं, ही अशीच कागदावर जिवंत आहेत. उलट तीनशे उंबऱ्यांची वाडी अधिसूचना नसेल तर महसुली अर्थाने गाव नव्हे.

दुसरं पंचायतीचं गाव. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ नुसार अनेक महसुली गावं किंवा वाड्या मिळून एक पंचायत होऊ शकते, आणि अशा गटाला त्यातल्या सर्वांत जास्त लोकसंख्येच्या गावाचं नाव मिळतं. लहान वाडीचं नाव पंचायतीच्या पाटीवर का नसतं, याचं उत्तर इतकं रोकडं आहे. जनगणनाही महसुली गावच धरून चालते. प्रगणक घरयादी वाडीवार करतो, पण छापील तक्त्यात आकडा येतो तो मूळ गावाच्या नावापुढे एकगठ्ठा.

तिसरा अर्थ अनुसूचित क्षेत्रापुरता, म्हणजे अधिसूचित आदिवासी भागापुरता आहे. १९९६ चा पेसा, म्हणजे या क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा म्हणतो की, परंपरेनुसार आपला कारभार चालवणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव. इथे व्याख्या माणसांपासून सुरू होते, जमिनीपासून नाही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये यासाठी नियम केले. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे दिला की पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया सुरू होते.

जुन्या कागदांत हा भेद वेगळ्या शब्दांत आहे. 'मौजे' म्हणजे स्वतंत्र गाव. 'मजरे' म्हणजे मौजेला जोडलेली वस्ती. 'कसबा' बाजाराचं गाव, 'पेठ' व्यापाऱ्यांसाठी वसवलेली. तेव्हा पेशवेकाळातला कागद हाती आला तर आधी वाडीच्या नावामागे मौजे आहे की मजरे, हे पाहावं. आज मौजे असलेलं गाव दोनशे वर्षांपूर्वी मजरे असू शकतं, आणि एके काळचं मौजे उजाड होऊन आज शेजारच्या गावाची वाडी झालेलं असू शकतं.

वाडी का होते

प्रदेशागणिक कारण वेगळं आहे आणि ते माहीत असलं की शोध अर्ध्यावर येतो. कोकणात गाव मुळातच वाड्यांचं असतं. देशावरच्यासारखं एका गावकुसात दाटीने वसलेलं गावठाण तिथे क्वचित. एका महसुली गावात दहा-बारा वाड्या, कोंड, शिवाय डोंगरावर धनगरवाडा, पायथ्याला कातकरवाडी किंवा ठाकूरवाडी. तिथे 'मूळ गाव कुठलं' हा प्रश्नच फसवा. त्याऐवजी ग्रामदेवतेचं देऊळ कुठल्या वाडीत आहे आणि खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा, कुठे राहायचा, हे विचारावं.

देशावर बहुतेक वाड्या आणि मळे गावकुसातून बाहेर पडलेल्यांचे आहेत. रानात राहायला जाण्यासाठी पाणी लागतं आणि धीर लागतो. विहिरी वाढल्या, कालवे आले तशी माणसं शेतावर राहू लागली. नीरेचा डावा कालवा १८८५ चा, भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं १९२६ मध्ये. या पट्ट्यांतल्या आडनावाच्या मळ्यांचा जन्मकाळ शोधताना या तारखा डोळ्यांसमोर ठेवाव्यात. दुसरं कारण प्लेग. १८९६ नंतरच्या साथींत लोक गावठाण सोडून रानात झोपड्या टाकून राहिले. साथ ओसरल्यावर बरेच परतले, काही तिथेच राहिले.

मराठवाडा आणि पश्चिम विदर्भात तांडे आहेत. बंजारा समाजाचा लदेणीचा म्हणजे बैलांवरून मालवाहतुकीचा धंदा रेल्वे आणि सडकांनी मोडला, तेव्हा तांडे जागोजाग स्थिरावले, बहुधा नायकाच्या नावाने. पूर्व विदर्भात टोला म्हणतात, यवतमाळकडे कोलामांची वस्ती ती पोड. आणि मग धरणं. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली. त्यांच्या वसाहतींचा इतिहास दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत अर्धा अर्धा शोधावा लागतो.

आधी नंबर गोळा करा

वाडीतून एक फेरी मारावी आणि पाच जागांचे आजचे गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टिपावेत: सगळ्यात जुनं घर, सगळ्यात जुनी विहीर, देऊळ, शाळा आणि मसणवटा. भूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नकाशावर, बोट ठेवलं की नंबर कळतो. वाडी गावठाणात नसेल तर ती कुणाच्या तरी शेतजमिनीत किंवा सरकारी पडीक, गायरान, वन यांतल्या कशात तरी बसलेली असणार. कशात, हे कळलं की तिच्या जन्माची दिशा कळते. खासगी शेतात असेल तर भाऊबंदकीच्या वाटपातून वाढलेली. गायरानात असेल तर बहुधा भूमिहीनांची. वनात असेल तर वन खात्याच्या आधीची की नंतरची, हाच मुख्य वाद.

सातबाऱ्यात तीन गोष्टी बारकाईने पाहायच्या. 'इतर हक्क' या रकान्यात विहिरीतला चार आणे हिस्सा, पाण्याची पाळी, जाण्यायेण्याची वाट, तगाईचा बोजा असं बरंच काही असतं. तगाईचा बोजा फार उपयोगी. विहीर खोदायला सरकारी कर्ज घेतलं त्याचं साल त्यातून मिळतं, आणि विहिरीचं साल म्हणजे वस्तीच्या सालाला जवळजवळ लागूनच. दुसरी गोष्ट पोटखराबा, म्हणजे नंबरातली लागवडीखाली नसलेली जमीन. त्यातला 'ब' वर्ग म्हणजे रस्ता, नाला, मसणवटा अशा सार्वजनिक वापरासाठी सोडलेली जमीन. तिसरी, नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात दिसणारे छोटे आकडे. ते फेरफाराचे नंबर. हाच दोरा धरून मागे जायचं.

इथे पहिली ठेच लागते. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट ११२ म्हणजे जुना सर्व्हे ११२ नव्हे. दोहोंची सांगड घालणारं योजना पत्रक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतं. तिथे त्याला 'नऊ तीन-नऊ चार चा उतारा' म्हणतात, तसंच मागावं. सांगड न घालता थेट जुने फेरफार काढणारे भलत्याच घराण्याचा इतिहास लिहून बसतात. कोकणात बऱ्याच ठिकाणी अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात, तिथे ही भानगड कमी. पण हिस्सेच इतके की एका नंबराला तीस-चाळीस.

फेरफार कसा वाचायचा

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल त्यात अनुक्रमाने लिहिलेला असतो. चार रकाने: नोंदीचा नंबर, हक्काचा प्रकार, कुठल्या नंबराला लागू, आणि तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. पश्चिम महाराष्ट्रात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, पण गावोगाव नोंदी सुरू होऊन स्थिरावल्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. म्हणजे एका गावाचे फेरफार १ पासून सलग वाचले तर शंभर वर्षांची वंशावळ, भांडणं, कर्जं, दुष्काळात विकलेल्या जमिनी, सगळं ओळीने येतं.

एक नमुन्याची नोंद घेऊ: 'कब्जेदार कोंडी बिन राणू मयत. वारस मुलगे बाळू व सखाराम, बायको रखमा कोम कोंडी. वर्दीवरून नोंद. सखाराम अज्ञान, अ.पा.क. आई रखमा.' आडनाव कुठेच नाही. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मराठवाड्यात आणि विदर्भात 'बिन'च्या जागी 'वलद' येतं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या एका नोंदीतून तीन पिढ्यांची नावं, मृत्यूचा सुमार, धाकटा मुलगा तेव्हा सज्ञान नव्हता हे, आणि आई घर चालवत होती हेही कळलं. पुढे कुठे 'ए.कु.मॅ. बाळू' असं दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची. हे न कळल्याने 'जमीन थोरल्याचीच होती' असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि कोर्टातही जातो.

नामंजूर आणि रद्द झालेल्या नोंदी सोडू नयेत. हक्क ठरवायला त्या निकामी, इतिहासाला मात्र सोन्यासारख्या. तक्रार झालेल्या नोंदींची वेगळी वही असते, नमुना ६-अ. वाडीत कोण कुणाच्या विरुद्ध होतं ते तिच्यात सापडतं.

वाडीच्या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत काळ १९४९ ते १९७०. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, विदर्भातली मालगुजारी १९५१ मध्ये संपली. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं आणि कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्याच्या चौकश्या सुरू झाल्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं, त्यांत महार वतन, खालसा झाली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही ज्यांचं नाव दप्तरात नव्हतं, ती वाड्यांतली माणसं याच वर्षांत पहिल्यांदा नावानिशी कागदावर येतात. ३२-ग च्या निकालपत्रात कुळाचा आणि मालकाचा जबाब असतो, किती वर्षं कसतो ते असतं, कधी कधी 'राहणार अमुकवाडी' असंही स्पष्ट असतं. वाडीच्या नावाचा पहिला सरकारी उल्लेख कित्येकदा असा एखाद्या जबाबात सापडतो.

त्याही मागे

सातबाऱ्याच्या आधी पाहणीपत्रकं आणि ज्यांना एकत्र 'कडई पत्रक' म्हणतात ती क, ड, ई पत्रकं होती. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा पाया. त्यात त्या वर्षी प्रत्यक्ष ताब्यात कोण होतं ते आहे. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहावं. कुठल्या वस्तीने कुठल्या जंगलातून लाकूड न्यायचं, गुरं कुठे चारायची, पाणी कुठलं, मेलेलं जनावर कुठे टाकायचं, हे त्यांत आहे. जमीन ज्यांच्या नावावर नाही त्यांचाही इतिहास सांगणारा हा विरळा दस्तऐवज.

त्यामागे ब्रिटिश पाहणी. १८३० च्या सुमाराची प्रिंगलची मोजणी फसली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून इंदापुरात नवी पद्धत बसवली आणि पुढे तीच सगळीकडे गेली. एका बैलजोडीने कसता येईल एवढा तुकडा म्हणजे साधारण एक सर्व्हे नंबर, हा तिचा हिशेब. मोजणी ३३ फुटी साखळीने. साखळीचे १६ आणे, ३३ बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. टिपण (मोजणीच्या मापांचा कच्चा आराखडा) आणि गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब) या मोजणीचीच अपत्यं. टिपणावर विहीर, पाऊलवाट, देऊळ यांच्या खुणा असतात, आणि त्या खुणा वाडीच्या बाजूने बोलतात.

ब्रिटिशपूर्व कागद पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दप्तरात. ते मोडीत आहेत. मोडी शिकायला तीन-चार महिने सराव पुरतो, पण कागद लागतो झडती, ताळेबंद, लावणीपत्रक, तंट्याचा महजर म्हणजे निवाडपत्र, यांपैकी. आणि मागताना परगणा व तर्फ हे तेव्हाचे विभाग सांगावे लागतात, जिल्हा नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी तालुक्यांतलं मोडी दप्तरही बाहेर निघालं, बरंच स्कॅन झालं. आपल्या तालुक्यात काय झालं याची चौकशी आधी करावी, नाहीतर तेच काम दुसऱ्यांदा.

सालात फसू नका. महसुली कागदांतल्या फसली सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवले की इसवी सन येतो. फसली १३२१ म्हणजे १९११-१२. निजामी मुलखात फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू व्हायचं, म्हणून तिथला तीन-चार महिन्यांचा फरक वेगळा धरावा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो: 'इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७२. त्यात मृगानंतर ५९९, जानेवारीनंतर ६०० मिळवायचे: १७७१-७२. आणि शकात ७८. एका स्मरणिकेत शक आणि सन यांची गल्लत झाली की देऊळ आहे त्याहून ७८ वर्षांनी जुनं ठरतं आणि पुढच्या सगळ्या स्मरणिका तेच उतरवतात.

तलाठ्याच्या बाहेरचं दप्तर

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे सगळं नसतं. नंबरांची सारखी नावंही गोंधळात टाकतात. जुना 'गाव नमुना १४' म्हणजे जन्ममृत्यूची वही, विदर्भातलं कोतवाल बुक. आजच्या यादीत १४ नंबरला पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही आहे. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही, आणि महसुलाचा '८-अ' म्हणजे शेतीचा खातेउतारा. अर्जात 'जुना जन्ममृत्यू नमुना १४' असं लिहिलं तर कारकुनाचं आणि आपलं दोघांचं दुपारचं जेवण वेळेवर होतं.

वाडीसाठी नमुना ८ महत्त्वाचा, कारण तो घरवार आणि बहुधा वाडीवार लिहिलेला असतो: कौलारू, पत्र्याचं, कुडाचं, मातीचं, अशा बांधकामाच्या शेऱ्यासकट. दर फेरआकारणीची वही लावून पाहिली तर कुड जाऊन भिंत कधी आली, मंगलोरी कौल कधी, स्लॅब कधी, हे दिसतं.

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर हा तितकाच भरवशाचा कागद. मुलाचं नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा का सोडली. मूळ गावच्या शाळेच्या रजिस्टरात वाडीतली पहिली मुलगी कुठल्या साली दाखल झाली ते शोधायला अर्धा दिवस पुरतो. जन्मतारखांवर मात्र विश्वास ठेवू नये. १ जून या तारखेला अख्खी वाडी जन्मलेली असते, कारण गुरुजींनी शाळा उघडायची तारीख धरून वय बसवलेलं असतं. मतदारयादीचे भाग आणि अनुभाग पाहावेत, तिथे वाडीचं नाव छापलेलं असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंच-एक मैल नकाशे वस्त्यांचे ठिपके आणि नावं दाखवतात. नाव सापडलं नाही तर उच्चार बिघडवून पाहावा, साहेबाच्या कानाला काय ऐकू आलं असेल असा.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेलं गाव लिहिलेलं असतं. सरकारी दप्तरात मूळ गावाचं नाव, आणि इथे त्याच माणसाने सांगितलेलं वाडीचं. आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितली की कुणाची वही ते कळतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी हे फिरते वंशावळकार गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. त्यांचा फेरा कुठल्या महिन्यात असतो ते म्हाताऱ्यांना माहीत असतं.

माणसांना काय विचारायचं

'वाडी कधी वसली?' हा प्रश्न विचारू नये. उत्तर 'पूर्वीपासून' असंच येतं. घटना विचाराव्यात. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, १९१८ मध्ये, घरातलं कोण गेलं? कोयनेच्या भूकंपाला, ११ डिसेंबर १९६७ ला, कुठली भिंत पडली? बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या रस्त्याच्या कामावर होतात? खानदेशात 'छप्पनचा दुष्काळ' म्हणजे १८९९-१९००, विक्रम संवत १९५६ वरून; ऐकणारा तो १९५६ सालचा समजला तर आजोबा पणतू होऊन बसतात.

आणि मानपान विचारावा. यात्रेत पहिला नारळ कुणाचा, पालखी कुठल्या घरी आधी जाते, होळीची पहिली पोळी कुणाची. मानाचा क्रम हा बहुधा वसण्याचा क्रम असतो, निदान मागे कुठल्या तरी पिढीत मान्य झालेला. वाडीची स्वतःची होळी पेटते की वाडीकर मूळ गावच्या होळीला जातात, यावरून ती कितपत स्वतंत्र झाली ते समजतं. वाडीचं दैवत दूरच्या एखाद्या गावचं असेल तर मूळ ठिकाण तिकडे शोधावं. ज्यांना मान नाही त्यांच्याकडे वेगळं बसावं. मानकऱ्यांच्या ओसरीवर ते बोलत नाहीत, आणि बोललेच तरी तेच सांगत नाहीत.

एकाने सांगितलं ते ऐकीव. दोन वेगळ्या घरांनी, एकमेकांना न विचारता सांगितलं तर टिपण्याजोगं. त्याला फेरफार, रजिस्टर किंवा दगडावरचा लेख जोड मिळाला तर लिहिण्याजोगं. वीरगळ किंवा सतीशिळा दिसली म्हणून वाडी तितकी जुनी ठरत नाही; दगड हलवतात, आणि उजाड गावाच्या जागी नवी वाडी वसू शकते. तसंच कागदातला पहिला उल्लेख म्हणजे स्थापना नव्हे, त्या दिवशी कुणीतरी कर भरला किंवा भांडला एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं निव्वळ हौसेचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ज) नुसार वनातली जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव, यांना महसुली गाव करून घेण्याचा हक्क आहे. दाव्याला किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात आणि नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे तीत नकाशे, जनगणना, निस्तार यांच्या जोडीला विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वंशावळ आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथनही आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे छोटं गाव, पंचायत मात्र शेजारच्या लेखा गावाच्या नावाची. पण ग्रामसभेने आपल्या वहिवाटीचा माग काढला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं.

याच्या दुसऱ्या टोकाला खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. धोकादायक ठिकाणांच्या सरकारी यादीत वाडीचं नाव नव्हतं. वाचलेल्यांचं पुनर्वसन चौक या गावाजवळ झालं. आता तिथल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जे ठिकाण येईल, त्यावरून डोंगरातली वाडी शोधता येणार नाही.

म्हणून वाडीची फाइल करताना पहिल्या पानावर तिची सगळी नावं लिहावीत: आजचं, म्हाताऱ्यांच्या तोंडचं, नकाशावरचं बिघडलेलं, फेरफारातलं, आणि बदललेलंही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, पण समतानगर आणि भीमनगर या नावांच्या शेकडो वस्त्या असताना पुढच्या शोधकाला जुनं नाव कळल्याशिवाय दप्तर उघडणार नाही. नावांच्या खाली मूळ महसुली गाव, तालुका, आणि जिल्हा बदलला असेल तर जुना जिल्हाही: पालघरच्या वाडीचं २०१४ पूर्वीचं दप्तर ठाण्याच्या नावे असतं, लातूरचं १९८२ पूर्वीचं उस्मानाबादच्या. त्याखाली दोन रकाने: जुना सर्व्हे नंबर, आजचा गट नंबर. एक प्रत शाळेत ठेवावी, एक ग्रामपंचायतीत, आणि एक वाडीतल्या अशा घरात जिथे पावसाळ्यात छप्पर गळत नाही.